बजर कोणाच्या उशाशी वाजणार? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की आता चार-पाचशे रुपयांत वायफायवाला इवलासा कॉम्प्युटर मिळतो आणि शंभर-दीडशेत पाणी, माती, तापमान मोजणारा सेन्सर, तर तुमच्या घरातल्या, गावातल्या, वस्तीतल्या कुठल्या अडचणीला तो लावावासा वाटतो ते कळवा. पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून इतके प्रश्न आले की सगळे घेणं शक्य नाही, पण जे घेतलेत त्यांना नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतेय. मी बावीस वर्षं वागळे इस्टेट आणि महापे इथल्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं, त्यामुळे बोलणं थोडं कारखान्यातलं वाटलं तर सांभाळून घ्या.

ताई नमस्कार, घणसोलीत आमची सात मजल्यांची सोसायटी आहे. वरच्या टाकीतून आठवड्यातून दोनदा तरी पाणी वाहून जातं आणि उन्हाळ्यात आम्हीच टँकर मागवतो. ऑटोमॅटिक सिस्टीमचं 42 हजारांचं कोटेशन आलंय. माझा मुलगा म्हणतो मी दोन हजारांत करतो. काय करावं? – सोसायटीचे सेक्रेटरी, घणसोली

मुलाला करू द्या, पण अर्धंच. पाणी मोजायचा भाग त्याचा, आणि मोटरला हात लावायचा भाग लायसन्सवाल्या वायरमनचा, ही वाटणी आधी ठरवा.

मोजायचा भाग खरंच सोपा आहे. ईएसपी-32 नावाचा बोर्ड आणि एक अल्ट्रासॉनिक सेन्सर. सेन्सर टाकीच्या झाकणाखालून 40 किलोहर्ट्झची, आपल्याला ऐकू न येणारी टिकटिक सोडतो, ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते बोर्ड मोजतो, आणि आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो म्हटल्यावर पाणी किती खाली आहे ते निघतं. तुमची टाकी चार बाय तीन मीटरची असेल तर पातळीतला एक सेंटीमीटर म्हणजे 120 लिटर, म्हणजे एखादा सेंटीमीटर चुकला तरी फार बिघडत नाही. पण यूट्यूबवर दाखवतात तो दोन डोळ्यांचा एचसी-एसआर-04 टाकीत लावू नका, त्याचे डोळे उघडे असतात, आतल्या वाफेने आणि क्लोरीनने काही महिन्यांत गंजतो. वॉटरप्रूफ जेएसएन-एसआर-04टी घ्या, फक्त लक्षात ठेवा की त्याला पहिले वीस-पंचवीस सेंटीमीटर दिसतच नाहीत, म्हणून तो ओव्हरफ्लोच्या पाइपापेक्षा तेवढा वर बसायला हवा. टाकीत पाणी जिथे धारेने पडतं तिथून लांब लावा. आणि सेन्सरचा एको पिन पाच व्होल्ट देतो, ईएसपीला 3.3 च चालतात, मध्ये दोन रेझिस्टर टाकायला मुलाला सांगा, इथेच बरेच बोर्ड जळतात.

आता मोटर. मुलगा लॅमिंग्टन रोडवरून ती निळी छोटी रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणेल, तिच्यावर 10 अँपिअर लिहिलेलं असेल आणि त्याला वाटेल की एवढ्यात भागतं. भागत नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट खेचते, तेवढ्याने रिलेचे कॉन्टॅक्ट आतल्या आत चिकटतात आणि मग बोर्डाने कितीही बंद म्हटलं तरी मोटर चालूच राहते. म्हणून रिलेने फक्त स्टार्टर पॅनेलमधल्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरचा करंट झेपणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवायची, आणि टाकीत अगदी वरच्या टोकाला एक साधा, पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच वेगळा लावायचा जो कॉम्प्युटरला न विचारता मोटर तोडेल. खालच्या टाकीतही एक, नाहीतर मोटर कोरडी चालून जळते.

आणि एक गोष्ट माझ्या अनुभवातली. एका कारखान्यात मी केमिकलच्या टाकीला लेव्हलचा अलार्म बसवला होता, उत्तम चालायचा, त्याचा एसएमएस मॅनेजरला जायचा. एका रात्री टाकी भरून वाहिली. एसएमएस बरोबर गेला होता, पण मॅनेजर गावाला होते आणि फोनला रेंज नव्हती, आणि व्हॉल्व्हपासून दहा पावलांवर बसलेल्या ऑपरेटरला काहीच कळलं नाही. चूक माझी होती, अलार्म कोणाला द्यायचा ते मी ऑपरेटरला विचारलंच नव्हतं. त्या रात्रीपासून कुठलंही काम हातात घेताना माझा पहिला प्रश्न हाच असतो की बजर कोणाच्या उशाशी वाजणार. तुमच्याकडे अॅप बारा कमिटी मेंबरांच्या फोनवर नको. एक बजर आणि एक लाल दिवा, वॉचमनच्या केबिनमध्ये, मोटरच्या स्विचशेजारी.

ताई, मी अकरावीत आहे, घोडबंदर रोडला राहते. गेल्या पावसाळ्यात बाल्कनीत हवेचा सेन्सर लावला (पीएमएस-5003). जुलैत एका सकाळी पीएम 2.5 (हवेतले अगदी बारीक कण) तीनशेच्या वर दाखवत होता, आणि बाहेर तर मस्त पाऊस! उलट डिसेंबरात समोरच्या बांधकामाची धूळ डोळ्यांना दिसत होती तेव्हा 70-80. बाबा म्हणतात खेळणं आहे, टाकून दे. – विद्यार्थिनी, ठाणे

टाकू नकोस! तुला जे दोन आकडे खटकले ना, ते खटकायलाच हवेत, आणि दोन्हींना कारण आहे.

तुझा सेन्सर धूळ वजन करत नाही. आत छोटा पंखा हवा खेचतो, लेझरच्या उजेडातून कण जातात, उजेड विखुरतो, आणि त्या विखुरण्यावरून तो अंदाज बांधतो की एवढे कण म्हणजे एवढे मायक्रोग्रॅम. पावसाळ्यात हवेत ओल ऐंशी-नव्वद टक्के असते, कण पाणी पिऊन फुगतात, धुक्याचा बारीक थेंबही त्याला कणच वाटतो, म्हणून तीनशे. सरकारी स्टेशनात हवा आधी तापवून ओल काढतात आणि मग मोजतात, तुझ्याकडे ती सोय नाही. म्हणून शेजारी ओल मोजणारा बीएमई-280 लाव आणि ओल 80 टक्क्यांच्या वर असेल त्या वेळचे आकडे वहीत वेगळ्या रंगाने लिही. घेताना नीट बघ हं, बाजारात बीएमई सांगून बीएमपी-280 गळ्यात मारतात, त्याला ओल कळतच नाही.

डिसेंबरचं कारण वेगळं. बांधकामाची, रस्त्याची धूळ जाड असते. तुझा सेन्सर बारीक कणांसाठी बनलाय, जाड कण त्याच्या हातून बरेच निसटतात, त्यामुळे तो पीएम 10 चा, म्हणजे जाड कण धरूनचा, आकडा छापतो तो फारसा मनावर घेऊ नकोस. म्हणजे डोळ्याला दिसलेली धूळ खरी होती आणि सेन्सर तिथे आंधळा होता.

आणखी एक घोटाळा सगळेच करतात. सेन्सरचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि बातम्यांतला आकडा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, असतो, दोन्ही एक नाहीत. आपल्याकडे पीएम 2.5 चा 24 तासांची सरासरी 60 मायक्रोग्रॅम म्हणजे एक्यूआय 100, आणि 120 मायक्रोग्रॅम म्हणजे एक्यूआय 300. हा 60 आपल्या देशाचा नियम, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये जो सांगितला तो 15 आहे. आणि दोन्हीकडे दिवसभराची सरासरी धरतात, कोणी फोडणी दिली त्या दोन मिनिटांचा आकडा नाही, म्हणून सेन्सर स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब ठेव.

आता करायचं काय ते सांगते, कारण मला खरंच वाटतं की तुझ्यासारख्या पोरींनी हे करायला हवं. ऐरोलीला, नेरूळला प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवेची स्टेशनं आहेत, त्यांचे आकडे समीर अॅपवर कोणालाही दिसतात. ऐरोलीत कोणी ओळखीचं असेल तर कोरड्या दिवसांत, जानेवारीत वगैरे, तुझा सेन्सर स्टेशनच्या जवळच्या एखाद्या गॅलरीत आठवडाभर ठेव आणि तासातासाचे आकडे शेजारी शेजारी मांड. तुझा सतत दीडपट दाखवत असेल तर तुला भागायला आकडा मिळाला. मग परत घरी लाव. एकदा हे केलंस की सोसायटीच्या मीटिंगमध्ये किंवा वॉर्ड ऑफिसात तुला कोणी खेळणं म्हणू शकणार नाही. त्यातही एकटा आकडा फार काही सांगत नाही, पण रात्री अकरा ते पहाटे चार ट्रक धावतात तेव्हा आणि दुपारी यात फरक किती, समोर हिरवं कापड बांधून पाणी मारलं त्या दिवशी आणि नाही मारलं त्या दिवशी फरक किती, हे तुझा दीड-दोन हजारांचा सेन्सर सांगू शकतो, आणि लांबच्या स्टेशनाला तुझ्या गल्लीतलं हे कळणार नाही. बाबांना ती वही दाखव.

मुरबाडकडे माझी भाजीची शेती आहे. ऑनलाइन पन्नास रुपयांचा मातीचा ओलावा मोजणारा काटा घेतला, महिन्यात बाद. सगळं असंच असतं का? – शेतकरी

दादा, तो दोन दात्यांचा काटा ओल्या मातीतून करंट पाठवतो, त्याने एक दाता विरघळत जातो, महिनाभरात जाणारच. कपॅसिटिव्ह म्हणून पट्टीसारखा येतो तो घ्या, त्याच्या कडांना आणि वरच्या भागाला इपॉक्सी किंवा निदान नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्या, कारण पाणी कडेतूनच शिरतं. मग तुमच्याच शेताची माती, एक डबा उन्हात खडखडीत वाळवून आणि एक डबा भिजवून, दोन्हीतले आकडे लिहून ठेवा, त्यांच्या मध्ये तुमचं पीक. आणि रात्री वीज आल्यावर पंप चालू करायला अंधारात बांधावरून जावं लागत असेल तर आधी त्याकडे बघा, पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करायचं नॅनो गणेश किती वर्षांपूर्वी केलंय, स्मार्टफोन पोचण्याच्या आधीपासून शेतकरी ते वापरतायत. साप-विंचवाची भीती कमी होणं ओलाव्याच्या आकड्याहून मोठं.

ताई, शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत मी शिक्षक आहे. एका दात्याने 25 हजार रुपये देऊ केलेत, "डिजिटल लॅब" करा म्हणतात. मुख्याध्यापकांना टॅबलेट हवेत. मला वाटतं पोरांनी काहीतरी हाताने करावं. आमच्याकडे भातसा, तानसा ही धरणं जवळ, पण एप्रिलपासून टँकर. विहिरीचं पाणी तपासायला टीडीएस मीटर घेऊ का? – शिक्षक

सर, तुमच्या पत्राने मला खैराट आठवलं. कर्जतजवळचा छोटासा पाडा, 2007 मध्ये तिथल्या शाळेत ते गाजलेले हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते, शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून जगभर ज्याचं नाव झालं तो, भारतातला पहिला प्रयोग आपल्या रायगड जिल्ह्यात झाला. प्रत्यक्षात त्याची किंमत दोनशे डॉलरच्या आसपास गेली, आणि ज्या गतीने तो देशभर जाईल असं वाटत होतं तसा गेला नाही. मग 2011 मध्ये आकाश टॅबलेट आला, त्याचीही खूप हवा झाली. दोन्ही वेळा वस्तू स्वस्त करण्यावर भर होता. बिघडली तर पाड्यावर कोण दुरुस्त करणार, चार्जिंग कुठे, आणि मास्तरांना वर्गात ती नेमकी कशासाठी हवी, हे प्रश्न मागेच राहतात. टॅबलेटची काच फुटली की दुरुस्तीला ठाण्यापर्यंत यायला लागतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

उलट बाजूला पाबळचा विज्ञान आश्रम बघा, डॉ. श्री. शं. कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेला. मुलं तिथे वेल्डिंग करतात, माती तपासतात, वायरिंग करतात आणि त्यातून विज्ञान शिकतात, आणि 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या देशाबाहेरची पहिली फॅब लॅब (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा) उघडली ती याच पाबळला. एखादी सहल तिकडे न्या. मुख्याध्यापकांनाही न्या, मुद्दाम न्या.

25 हजारांत मी काय करेन? एकच रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारा कॉम्प्युटर. 2012 मध्ये तो 35 डॉलरला आला तो मुळात पोरांना कॉम्प्युटर शिकता यावा म्हणूनच. त्याला कोणाचा तरी जुना टीव्ही आणि कीबोर्ड, किविक्स नावाच्या सॉफ्टवेअरवरून इंटरनेटशिवाय चालणारा मराठी विकिपीडिया, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक छोटा यूपीएस, कारण वीज अचानक गेली की त्याचं मेमरी कार्ड खराब होतं. उरलेल्या पैशांत दोन-तीन ईएसपी बोर्ड, सेन्सर, मल्टीमीटर, सोल्डरिंग.

पण सुरुवात दोरीने करा. दोरीला वीतभर अंतरावर गाठी, खाली दगड, दर सोमवारी पोरांनी विहिरीचं पाणी कितव्या गाठीला आहे ते मोजायचं आणि भिंतीवरच्या कागदावर ठिपका द्यायचा. दिवाळीपासून मेपर्यंतची ती उतरती रेघ पोरांनी स्वतः काढलेली असेल. त्यानंतर सेन्सर लावलात तर त्यांना कळेल तो कोणाचं काम करतोय, आणि सेन्सर चुकला तर पकडायला दोरी आहेच. एक वर्षाचा कागद झाला की ग्रामसभेत ठेवा, टँकर कधीपासून लागणार हे मार्चमध्येच बोलता येईल, एप्रिलमध्ये हंडे रांगेत लागल्यावर नाही.

टीडीएस मीटर घ्या, दोन-तीनशेला मिळतो, पण त्यावर पाणी प्यायचं की नाही ते ठरवू नका. तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो. आपल्याकडच्या डोंगराळ भागातल्या विहिरीत क्षार कमीच असणार, मीटर छान आकडा दाखवेल आणि त्याच पाण्याने जुलाब होतील, कारण जंतू त्याला दिसत नाहीत. जंतूंसाठी एचटूएसची बाटली मिळते, त्यात पाणी भरून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाण्यात विष्ठेची घाण आहे असं धरायचं. ही चाचणी भारतातच 1982 मध्ये तयार झालेली, वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर नळाच्या टोकाला क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी उरलंय का ते बघायला ओटी टेस्टचे थेंब. इथे कॉम्प्युटरचं काम फक्त नोंद ठेवण्याचं आहे.

जाता जाता केनियातली एक गोष्ट. ऑक्सफर्डच्या लोकांनी तिथल्या हातपंपांच्या दांड्यात मोबाइलमधला हालचाल ओळखणारा स्वस्त सेन्सर बसवला, दांडा हलला की नाही एवढं एसएमएसने कळायचं. पंप दुरुस्त व्हायला आधी सरासरी 27 दिवस लागायचे, ते तीन दिवसांच्या आत आले. लोक सेन्सरचं कौतुक करतात, पण मला त्यातलं आवडतं ते हे की मेसेज येणाऱ्या टोकाला पान्हे घेऊन निघणारी मेकॅनिकची टीम पगारावर ठेवलेली होती.

लहान मुलांच्या दवाखान्यात सिस्टर आहे. लसींच्या फ्रिजला अलार्म करता येईल का? – मुंब्रा

येईल, पण तुमच्या नेहमीच्या थर्मामीटरच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. डीएस-18बी-20 चा स्टीलच्या टोकाचा वॉटरप्रूफ सेन्सर घ्या, अर्धा डिग्री इकडेतिकडे एवढा बरोबर असतो, आधी वितळत्या बर्फात बुडवून शून्य दाखवतो का बघा, मग पाण्याच्या छोट्या बाटलीत टोक बुडवून लसींच्या मधोमध ठेवा म्हणजे दार उघडल्यावर उगाच बोंबलणार नाही. मर्यादा 2 ते 8 डिग्री. सगळे 8 च्या वर गेल्याची काळजी करतात, पण पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसी गोठल्या तर कायमच्या वाया जातात आणि नुसतं बघून ते कळतंच असं नाही, म्हणून खालचा अलार्म अडीचलाच लावा. सरकारी लस साठ्यांत 2015 पासून ईविन नावाची अशीच व्यवस्था आहे. रात्रीचा मेसेज दवाखान्याच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या आणि चावी असलेल्या माणसाला.

ताई, दिघ्याला आमची वस्ती नाल्याच्या कडेला आहे. दर पावसाळ्यात रात्री पाणी घुसतं. मंडळाची पोरं म्हणतायत गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या सहा हजारांत नाल्यावर सेन्सर आणि भोंगा लावू. होईल? – मंडळाचा कार्यकर्ता

होईल, आणि या वेळच्या सगळ्या पत्रांत हे मला सगळ्यात जवळचं वाटलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मी महाप्याहून ठाण्याला चालत आले होते, रात्री कळव्याच्या अलीकडे लोक कमरेएवढ्या पाण्यात एकमेकांना हाका मारत उभे होते आणि पाणी अजून वाढणार की उतरणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

तुमच्याकडे काय होतं ते बघा. पारसिकच्या डोंगरावर पडलेला पाऊस नाल्याने खाली येतो आणि खाडीत जातो, पण खाडीला भरती असेल तर तो जाणार कुठे, तो मागे सरकतो. म्हणून नवी मुंबईत वाशी-बेलापूरला धारण तलाव केलेत, भरतीच्या वेळेला पावसाचं पाणी तिथे थांबतं. म्हणजे तुम्हाला दोन गोष्टी बघायच्यात, नाल्याची पातळी आणि भरतीची वेळ. दुसरीला सेन्सर नको, तक्ता छापील मिळतो, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची उधाणं लाल पेनाने खुणा करून मंडळाच्या फळ्यावर लावा.

नाल्यासाठी अल्ट्रासॉनिक लावू नका. नाल्यावरून पिशव्या, थर्माकोल, फेस वाहतो, त्याला तेच पाणी वाटेल आणि पोरं चार खोट्या भोंग्यांनंतर तो बंद करतील. चार इंची पीव्हीसी पाइप, त्याला भोकं, कल्व्हर्टच्या (नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या) भिंतीला पक्क्या क्लँपने, आणि आत तीन फ्लोट स्विच तीन उंचींवर. पहिला म्हणजे लक्ष ठेवा, दुसरा म्हणजे सामान वर घ्या, तिसरा म्हणजे निघा. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती मिनिटांत पोचलं ते बोर्डाला मोजू द्या, वीस मिनिटांत पोचलं आणि दोन तासांत पोचलं यात फार फरक आहे.

त्या रात्री वीज नसणार हे धरूनच चला, बहुतेक वेळा आधी वीजच तोडतात. वायफायही नसेल. 12 व्होल्टची बॅटरी भोंग्याला, आणि नाल्यापासून मंडळाच्या खोलीपर्यंत लोरा रेडिओ (कमी बॅटरीत लांबवर छोटा मेसेज पाठवणारा), 865 ते 868 मेगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे लायसन्स लागत नाही, 868 लिहिलेलं मॉड्यूल घेऊन प्रोग्रॅममध्ये फ्रिक्वेन्सी त्या पट्ट्यात आणायची. सोलर पॅनेल जुलैत भरवशाचं नाही, बॅटरी आठवडाभर पुरेल अशीच घ्या. सहा हजारांत हे बसतं. पाइप लावण्याआधी वॉर्ड ऑफिसला पत्र देऊन पोच घ्या, नाहीतर नालेसफाईत जेसीबी तो उचलून नेईल.

पण सेन्सरचे पार्ट मागवण्याआधी या रविवारी दोन कामं करा, फारसा खर्च नाही. एक, कल्व्हर्टच्या भिंतीवर ऑइलपेंटने फुटाफुटाच्या खुणा मारा आणि जुन्या बायकांना विचारा की पाणी घरात आलं तेव्हा नाल्यात कुठवर होतं, तुमचे तीन स्विच कुठे लावायचे ते त्यांच्याकडूनच कळेल. दोन, यादी करा: तळमजल्यावर कोण एकटं राहतं, कोणाला चालता येत नाही, कोणाकडे तान्हं मूल आहे, प्रत्येक नावासमोर मंडळाच्या दोन पोरांची नावं, दोन अशासाठी की एक रात्रपाळीला असतो. पाणी आल्यावर लोक कुठे जाणार? शाळेत जाणार असतील तर रात्री दोन वाजता शाळेची चावी कोणाकडे असते ते विचारा, आणि मुख्याध्यापकांशी बोलून तिची एक चावी नाल्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या कोणाच्या तरी घरात आत्ताच, मे महिन्यातच ठेवा.